बुडणारं मूल हाक मारत नाही

मे महिना लागला की जिल्हा आवृत्त्यांच्या आतल्या पानांवर एकच बातमी गाव बदलून पुन्हा पुन्हा येते. शेततळ्यात बुडून दोन सख्ख्या भावांचा मृत्यू. विहिरीत पोहायला गेलेला शाळकरी मुलगा दगावला. धुणं धुवायला गेलेल्या मायलेकी बुडाल्या. पाच-सहा ओळींचा मजकूर, शेवटी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि गावावर पसरलेली शोककळा. पावसाळ्यात हीच बातमी धबधब्याच्या पायथ्याशी जाते, भाद्रपदात विसर्जनाच्या घाटावर आणि सहलींच्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर. गावांची नावं वेगळी असली, तरी जागा, वेळ आणि घटनाक्रम इतका सारखा असतो की यातले बहुतेक मृत्यू टाळता आले असते, हे कुणालाही कळावं.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावरचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळजवळ पाव तर पाच वर्षांच्या आतली मुलं होती. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणं जगभरात चौथ्या क्रमांकावर आहे आणि पाच ते चौदा या वयात तिसऱ्या. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या नोंदींत बुडून झालेले मृत्यू ३८ हजारांच्या वर आहेत आणि सर्वाधिक मृत्यू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र अगदी वर आहे. त्याच जागतिक अहवालात एक दिलासाही आहे. २००० सालापासून जगातला बुडण्याच्या मृत्यूंचा दर ३८ टक्क्यांनी उतरला आहे. म्हणजे हे नशिबाचं प्रकरण नाही. ज्या देशांनी ठरवलं, त्यांनी ते कमी करून दाखवलं.

बुडणं कसं दिसतं याची आपली कल्पनाच मुळात चुकीची आहे. सिनेमातला बुडणारा माणूस हात हलवतो, 'वाचवा, वाचवा' ओरडतो, गटांगळ्या खात पुन्हा पुन्हा वर येतो आणि काठावरच्यांना धावत यायला भरपूर वेळ देतो. खरं बुडणं शांत असतं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास खऱ्या बुडणाऱ्यांची चित्रफीत घेऊन तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं. पोहता न येणारा माणूस पाण्यात उभा राहतो, पाय जवळजवळ निश्चल होतात, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. हे हात त्याच्या इच्छेने हलत नाहीत, त्यामुळे त्याला ते वर करून खूण करता येत नाही आणि पुढे टाकलेला दोरही धरता येईलच असं नाही. तोंड क्षणभर पाण्यावर येतं, तेवढ्या वेळात श्वास सोडून पुन्हा घ्यायचा असतो. हाक मारायला हवा उरतेच कुठे? मोठा माणूस असा फार तर मिनिटभर टिकतो. लहान मूल वीसेक सेकंदांत खाली जातं.

लांबून पाहणाऱ्याला ते मूल खेळतंय असंच वाटतं. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, केस कपाळावर चिकटलेले, नजर कुठेच नाही, आणि आवाज बंद. मुलं पाण्यात असताना दंगा करतात, किंचाळतात, एकमेकांवर पाणी उडवतात. तो दंगा थांबला की काळजी करायची. मूल पाण्यात गप्प झालेलं दिसलं तर काठावरून विचारा, 'काय रे, बरं आहे ना?' उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर हातात काही सेकंदच आहेत.

पाण्याखाली गेल्यावर मूल आधी श्वास रोखून धरतं. काही वेळाने शरीर ऐकत नाही आणि श्वास आपोआप आत ओढला जातो. पाणी घशात शिरताच स्वरयंत्र आवळतं, कुठे पाणी थेट फुप्फुसात जातं. दोन्ही वाटांनी परिणाम एकच, रक्तातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. मूल बेशुद्ध होतं, मग हृदय मंदावतं आणि थांबतं. चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. एक फोन घेऊन दोन शब्द बोलायला किंवा गॅसवरचं दूध उतरवून दाराशी आलेल्याला पैसे द्यायला इतका वेळ सहज जातो.

म्हणूनच 'मुलांकडे लक्ष ठेवा' एवढाच उपदेश करून थांबणं मला पटत नाही. मूल बुडालं की पहिलं बोट आईकडे दाखवलं जातं. शेतात खुरपणीला जाणारी, पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, सासू-सासऱ्यांचं पाहणारी बाई दिवसाचे बारा तास एका दीड वर्षाच्या पोराकडे डोळे लावून बसू शकत नाही. जगातली कुठलीच आई बसू शकत नाही. लक्ष हे माणसाचं असतं, ते थकतं आणि क्षणभर तरी वळतंच. त्या वळलेल्या क्षणी मूल आणि पाणी यांच्या मध्ये दुसरं काहीतरी असायला हवं. झाकण, कठडा, दार, दुसरं माणूस, नाहीतर त्या मुलाच्या अंगी आलेलं पोहणं. मूल आणि पाणी यांच्या मधली जागा मोकळी सोडायची नाही, हा सगळा विषय एवढाच आहे.

सुरुवात घरापासून करू. रांगणारं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल नदीत क्वचित बुडतं. ते बादलीत, टबात, पिंपात, हौदात बुडतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. पाण्यात काय आहे ते पाहायला मूल बादलीच्या काठावर ओणवं होतं, तोल जातो आणि ते डोक्यावर आत पडतं. पंधरा-वीस लिटर पाण्याने भरलेली बादली त्याच्या वजनाने कलंडत नाही. हातांनी रेटा देऊन वर यायची ताकद नसते, पाय हवेत राहतात. तोंड आणि नाक बुडण्यापुरतं पाणी, म्हणजे दोन-अडीच इंचसुद्धा, या वयात पुरतं. न्हाणीघर शेजारच्या खोलीला लागून असलं तरी आवाज येत नाही.

पाण्याची टंचाई असली की हा धोका कमी होईल असं वाटतं. तो उलट वाढतो. ज्या गावांत, ज्या वस्त्यांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. पिंपं, टाक्या, जमिनीत बांधलेले हौद, अगदी टबसुद्धा. त्यावर झाकणं असतातच असं नाही आणि असली तरी एखादं फळकूट किंवा पत्र्याचा तुकडा नुसता टेकवलेला असतो. रात्री झोपण्याआधी रिकामी करता येईल ती बादली रिकामी करून पालथी घालावी. भरून ठेवायचंच असेल तर घट्ट बसणारं झाकण, त्यावर वजन, आणि न्हाणीघराला बाहेरून, मुलाच्या हाताच्या वर, कडी. जमिनीतल्या हौदाला लोखंडी झाकण आणि कुलूप. बांधकाम चालू असेल तर पायाचे खड्डे, लिफ्टचे खड्डे, सिमेंटला पाणी मारायच्या टाक्या, मैलाटाकीचं अर्धवट लावलेलं झाकण हे सगळं याच यादीत येतं. बांधकामावरच्या मजुरांची मुलं तिथेच राहतात, तिथेच खेळतात. कंत्राटदाराने चार पत्रे आडवे लावले तर एक जीव वाचतो.

या लहान मुलांसाठी काय केलं तर खरंच उपयोग होतो, याचं उत्तम उत्तर बांगलादेशात मिळालं. तिथल्या खेड्यांत घराच्या दारातच पुकुर, म्हणजे तळं असतं. सकाळी आई कामात गुंतली की मूल पायाखालच्या वाटेने पाण्याकडे जातं. तिथल्या संशोधकांनी गावागावांत 'आंचल' नावाची साधी पाळणाघरं सुरू केली. गावातल्याच एखाद्या बाईच्या घरात सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात आसपासची वीस-पंचवीस मुलं सांभाळायची. एवढंच. नऊ ते एक ही वेळ सहज निवडलेली नव्हती. मुलं बुडण्याच्या घटना याच तासांत जास्त होत होत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आंचलमध्ये येणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक कमी झालं होतं. कोणतंही यंत्र नाही, औषध नाही, ठरलेल्या चार तासांत मुलाजवळ एक माणूस आहे याची खात्री, इतकंच.

आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण तिथे रोज येऊन बसणारी मुलं प्रामुख्याने तीन वर्षांपुढची. एक ते तीन या सर्वांत धोक्याच्या वयाची मुलं घरी, शेताच्या बांधावर किंवा उसाच्या फडात असतात. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्र सरकारची 'पालना' योजना आहे. तिच्याकडे आपण नोकरदार आईची सोय म्हणून पाहतो. पाण्याच्या दृष्टीनेही तिच्याकडे पाहायला हवं. ऊसतोडीच्या टोळ्या जिथे कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकतात तिथे कालवा, विहीर किंवा ओढा जवळ असतोच, कारण पाण्याशिवाय कोपी पडत नाही. अशा ठिकाणी पाळणाघर म्हणजे जीव वाचवण्याची व्यवस्था आहे.

आता शेततळं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात मुलांसाठी सर्वांत मोठा नवा धोका कुठला उभा राहिला असेल तर तो हा, असं माझं ठाम मत आहे. शेततळ्याने कोरडवाहू शेतकऱ्याला हात दिला, नाशिक-सोलापूर-सांगलीच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागा जगवल्या, हे खरंच आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि तळ्यांची संख्या भराभर वाढली. पाणी मुरू नये म्हणून बहुतेक तळ्यांत जाड प्लास्टिकचं अस्तर टाकतात. शेतकरी त्याला नुसतं 'कागद' म्हणतात. धोका आहे तो त्या कागदात.

विहिरीला कडेला दगड असतात, कपारी असतात, पायऱ्या किंवा पायटे असतात, मोटारीचा पाइप आणि दोर लोंबत असतो. पडलेल्या माणसाला कशाला तरी हात घालता येतो. शेततळ्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत असतात. कोरड्या कागदावरून माणूस कसाबसा चढेल. तो ओला झाला, त्यावर शेवाळाचा पातळ थर धरला, की पाय ठरत नाही आणि हात रुतवायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन चढायला जातो, घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो आणि अखेर दमतो. पोहता येत असूनही शेततळ्यात माणसं मरतात ती अशी.

योजनेतलं सर्वांत मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. उन्हाळ्यात त्यातलं पाणी निम्म्यावर येतं आणि बघणाऱ्याला तळं आता निर्धोक वाटू लागतं. हिशेब करून पाहा. दीड मीटर पाणी उरलं तरी आठ वर्षांच्या मुलाच्या ते डोक्यावरून जातं. आणि पाण्यापासून वरच्या काठापर्यंतचा उघडा पडलेला घसरडा उतार, पंचेचाळीस अंशांचा धरला तर, जवळजवळ सात फूट होतो. पाणी कमी झालं तसा वर येण्याचा रस्ता लांबला. मुलांना सुट्ट्या लागतात ती वेळ नेमकी हीच.

याचा उपाय फार खर्चाचा नाही. चारही बाजूंनी, काठावर खोल ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना किंवा भक्कम झाडाला बांधलेले जाड दोर थेट तळापर्यंत सोडायचे आणि त्यांना फूट-फूट अंतरावर गाठी मारायच्या. गाठ नसेल तर ओला नायलॉनचा दोर हातातून निसटतो. एका बाजूला दोरांची शिडी किंवा जाळं सोडता आलं तर फारच उत्तम. पाण्यात हवा भरलेल्या एक-दोन जुन्या ट्यूब दोराला बांधून तरंगत ठेवायच्या. भोवती तारेचं कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक. कागदाला आणि पंपाला लागलेल्या पैशापुढे हा खर्च किरकोळ आहे. तळ्याच्या मालकाने स्वतः पाण्यात उतरून, गाठी धरून वर येऊन पाहावं, काठावर दोन माणसं उभी करून. आपला दोर कामाचा आहे की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

बातम्यांत 'दोन भाऊ', 'मायलेकी', 'एकाच कुटुंबातील तिघे' असं का येतं? एक घसरतो, दुसरा त्याला धरायला जातो, तिसरा दुसऱ्याला. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला घट्ट कवटाळतो. त्यात त्याचा दोष नाही, जीव वाचवण्याची ती शरीराची धडपड असते. कवटाळलेला माणूसही त्याच्याबरोबर खाली जातो. आपल्याकडे उडी मारणाऱ्याला शूर म्हणतात. या बाबतीत शौर्याची कल्पना बदलायला हवी. जीवरक्षणाचं शिक्षण नसलेल्याने पाण्यात उडी मारू नये, हे आपण मुलांना शब्दांत सांगितलं पाहिजे, पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे. मित्र बुडत असेल तर ओरडून मोठ्या माणसांना बोलवायचं, काठावर पालथं पडून काठी, बांबू, फांदी पुढे करायची, ती पुरत नसेल तर काहीतरी फेकायचं. उभं राहून हात दिला तर आपणच ओढले जातो, म्हणून पालथं पडायचं.

फेकायला काय? ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूच्या पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणात चार तरुण बुडू लागले. तिथे असलेल्या तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडल्या, एकमेकींना गाठी मारल्या आणि पाण्यात फेकल्या. चारांपैकी दोघे त्या साड्यांना धरून जिवंत बाहेर आले. तमिळनाडू सरकारने त्या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. एक साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. दोन साड्यांची गाठ मारली की दहा मीटरपर्यंत पोहोचता येतं. धुणं धुवायला गेलेल्या बायकांजवळ वाचवण्याचं साधन नेहमीच असतं, ते साधन आहे हे ठाऊक असणं महत्त्वाचं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, माणसाचं डोकं पाण्यावर धरायला पुरेसा आहे. त्यात थोडं पाणी ठेवलं तर तो नीट फेकला जातो. त्याला दोर बांधून विहिरीवर, घाटावर, शेततळ्यावर टांगून ठेवा. गावातल्या प्रत्येक पोराला तो कुठे आहे ते माहीत असू द्या.

पोहणं शिकवणं हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग, आणि आपल्या गावांनी तो एकेकाळी उत्तम केलेला आहे. कंबरेला दोर, पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, नाहीतर झाकण डाखलेला पत्र्याचा डबा, आणि काठावर दोर धरून बसलेला काका किंवा मामा. आधी काठाला धरून पाय मारायचे, मग थोडं थोडं सुटायचं, उन्हाळ्याच्या शेवटी मूल मुटका मारायला तयार. या पद्धतीत दोन गोष्टी न सांगता पाळल्या जात. तरंगवणारी वस्तू अंगाला बांधलेली असे आणि दोराच्या टोकाला सगळं लक्ष मुलाकडे असलेला एक मोठा माणूस असे. आता विहिरींची पातळी खाली गेली, काका पुण्याला गेले, आणि मुलं मोठ्यांना न सांगता एकटीच शेततळ्यावर जातात. मुलींना तर शिकवणं अनेक घरांत कधी सुचलंच नाही. पाण्यावर धुणं घेऊन, घागर घेऊन जातात त्या मात्र मुलीच.

बांगलादेशातच 'स्विमसेफ' नावाने गावच्या तळ्यात बांबूचा मंच बांधून चार ते बारा वर्षांच्या मुलांना पोहणं शिकवलं गेलं. कसोटी साधी होती. २५ मीटर पोहता यावं, अर्धा मिनिट एका जागी तरंगता यावं, आणि दुसऱ्याला पाण्यात न उतरता वाचवता यावं. वर सांगितलेल्याच अभ्यासात या मुलांत बुडण्याचे मृत्यू ९० टक्क्यांहून जास्त घटलेले दिसले. या तीन कसोट्यांतली मधली मला सर्वांत मोलाची वाटते. वेगाने पोहणं शर्यतीला लागतं. जीव वाचायला पाठीवर पडून, तोंड वर ठेवून, शांतपणे तरंगता आलं तरी पुरतं. तुमचं मूल शहरातल्या तलावावर शिकत असेल तर शिक्षकांना विचारा, ते तरंगतं का? अंगात कपडे असताना तरंगतं का?

इथे एक सावधगिरी. निळ्या फरशीच्या, तळ दिसणाऱ्या तलावात शिकलेलं मूल नदीत उतरलं की त्याचं निम्मं पोहणं ओढ आणि गार पाणी खाऊन टाकतं. वाळू उपसलेल्या नदीत तर गुडघाभर पाण्यातून एका पावलावर पुरुषभर खड्डा लागतो. वरून काही दिसत नाही. म्हणून पोहता येणाऱ्या मुलालाही एकट्याने पाण्यात जायची मुभा नको. फिट येणाऱ्या मुलाला तर मुळीच नको. त्याच्या आंघोळीच्या वेळीही दाराला आतून कडी नसावी.

पावसाळी सहलींबद्दल थोडक्यात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. ते उभे होते त्या जागी काही वेळापूर्वी सहज उभं राहण्याइतकं पाणी होतं. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, त्याचा लोंढा मात्र काही मिनिटांत येतो. पाण्याचा रंग एकाएकी गढूळ झाला, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की सामान सोडून उंच बाजूला निघायचं. धरणाखालच्या नदीपात्रातही विसर्ग सोडल्यावर असंच होतं. भोंगा वाजतो तो यासाठी.

समुद्राचं वेगळं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनाऱ्यावर फुटलेलं पाणी परत आत जाताना अरुंद पट्ट्यांतून वेगाने जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत दिसते आणि अनोळखी माणूस तिथेच उतरतो. ओढलं गेल्यावर सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिलं तर माणूस दमतो. त्याऐवजी तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्याची आणि नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. कोकणात जिथे जीवरक्षक नाहीत तिथे गावच्या कोळ्यांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर नको. नौकेत बसायचं असेल तर जॅकेट अंगावर, बंद बांधलेलं. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट बुडाली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. सहलीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी पालकांनी शाळेला हा एक प्रश्न विचारावाच. 'नौकाविहार आहे का, आणि प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट मिळणार का?'

मोठ्या घोळक्यातही मुलं बुडतात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. लग्नाला जमलेले पाहुणे, विहिरीवरची दुपार, विसर्जनाचा घाट. अशा वेळी एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगावं, 'दादा, पुढचा अर्धा तास पाण्यावर लक्ष तुमचं.' मोबाइल खिशात, गप्पा नंतर, अर्ध्या तासाने पाळी दुसऱ्याची.

मूल पाण्यातून बाहेर काढलं, बेशुद्ध आहे, श्वास नाही. आता काय करायचं? आपल्याकडे अशा वेळी पोट दाबतात, पालथं घालतात, पाय धरून उलटं गरगर फिरवतात. यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी-अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. मध्यंतरी मोबाइलवर फिरणारा एक मजकूर सांगत होता की बुडालेल्याला मिठात पुरून ठेवलं तर तो जिवंत होतो. हे धादांत खोटं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवलेल्या आईबापांचा विचार करून जीव तुटतो. बुडालेल्याला हवा असतो तो श्वास. पाणी बाहेर काढणं नको, श्वास आत घालणं हवं.

मुलाला कठीण, सपाट जागेवर उताणं ठेवा. डोकं किंचित मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावा आणि छाती उचललेली दिसेल इतकीच हवा सोडा. अगदी तान्हं असेल तर त्याचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. सुरुवातीला असे दोन ते पाच श्वास द्या. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, हाडावर तळहात ठेवून, छाती एक तृतीयांश आत जाईल इतकं दाबा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. तीस वेळा दाबणं, मग दोन श्वास, पुन्हा तीस. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावायचा. एकटे असाल तर आधी दोनेक मिनिटं हे करा, मग फोन स्पीकरवर ठेवून पुढे चालू ठेवा. दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर धरून दवाखान्याकडे पळवलेल्या मुलाला वाटेत कुणी श्वास देत नाही. तालुक्याचं गाव वीस मिनिटांवर असतं आणि मेंदूजवळ तेवढी मिनिटं नसतात. मूल शुद्धीवर आलं, रडलं, बोललं तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसाची सूज काही तासांनी वाढू शकते.

हे वाचून येत नाही, हाताने करावं लागतं. प्रत्येक अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, शिक्षकाला आणि विसर्जनाच्या मंडळातल्या पाच-सहा पोरांना पुतळ्यावर एकदा शिकवलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठी धोरणाचा आराखडा काढला. तो कागदावरून गावात यायचा असेल तर गावानेच ओढून आणावा लागेल.

दरवर्षी १ मे रोजी ग्रामसभा होते. नेमकी त्याच सुमारास मुलांना सुट्टी लागते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय नावानिशी मांडा. गावात शेततळी किती, विनाकठड्याच्या विहिरी किती, वाळूचे आणि मुरुमाचे खड्डे किती, याची यादी फळ्यावर लिहून घ्या. कुठे दोर नाही, कुठे कुंपण नाही, ते तिथेच ठरवा आणि कुणी, किती तारखेपर्यंत लावायचं तेही ठरवा. शहरात राहत असाल तर सोसायटीच्या टाकीचं झाकण आणि पोहण्याच्या तलावाचं फाटक आजच पाहून या.